आधी बोर्ड, मग दिवे
मित्राचा कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर तासन् तास खल होतो आणि मदरबोर्डाची पाळी आली की ‘उरल्या पैशांत बसेल तो द्या’ म्हणून सगळे मोकळे होतात. हे उफराटं आहे. प्रोसेसर पुढेमागे बदलता येतो. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा संसार उपसून पुन्हा मांडणं आलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदार आधी रंगीत दिवे दाखवेल. आपण सॉकेटशेजारचं व्हीआरएम पाहावं. प्रोसेसरला योग्य दाबाची वीज पुरवताना ते तापतं, म्हणून त्यावर हीटसिंक असलेला बोर्ड घेणं शहाणपणाचं. एएमडीच्या एएम४ सॉकेटचंच उदाहरण घ्या. ए५२० चिपसेटचा बोर्ड स्वस्त, पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही आणि ग्राफिक्स कार्ड जोडणारं पीसीआयई तिसऱ्याच पिढीचं. मधल्या दर्जाच्या बहुतेक कार्डांना ते पुरतं. मात्र आरएक्स ६५०० एक्सटीसारखं स्वस्त कार्ड चारच लेनवर चालतं, त्याला ही अडचण जाणवते. तिथे बी५५० बरा. २०१८ चा बी४५० स्वस्तात मिळाला, तर बायोस अद्ययावत आहे का, हे आधी विचारावं. नाहीतर २०२० साली आलेले रायझन ५००० प्रोसेसर त्यावर सुरूच होणार नाहीत. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि कंपनीचं सेवा केंद्र आपल्या शहरात आहे का, तेही पाहावं. एवढं करूनही मित्राने दिव्यांचा हट्ट धरलाच, तर कॅबिनेटमध्ये वेगळी एलईडी पट्टी लावून द्यावी. मैत्रीही टिकते आणि बोर्डही.