सुटीआधीची पालकसभा

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी चकल्यांचा घाणा चढलेला असेल. त्याच सुमाराला आष्टी, पाथर्डी, शिरूर कासारकडून ऊसतोड मजुरांच्या ट्रॉल्या निघालेल्या असतात. वर पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, एखादी शेळी आणि त्यातच बसलेली शाळकरी पोरं. सण करून निघू म्हणायची सोय सगळ्यांना नसते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्चून झालेली असते.

बालशोषण म्हटलं की आपल्याला कुणीतरी नराधम आठवतो. उसाच्या फडात तसा कुणी शोधावा लागत नाही. आई तापाने पडली तर खाडा लागणार, पैसे कापले जाणार, म्हणून बारा वर्षांची पोर मोळ्या बांधायला उभी राहते. एरवी ती कोपीवर, म्हणजे झोपडीवर, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. उचल मिळते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. पोरीचं नाव मुकादमाच्या वहीत कुठेच नसतं. ते असतं शाळेच्या हजेरीपटावर.

आणि इथेच खरी मेख आहे. अनेक कुटुंबं निघतात ती नेमकी दिवाळीच्या सुटीच्या आगेमागे. सुटीत गैरहजेरी कुणाची लागणार? शाळा उघडून गुरुजींच्या लक्षात येईपर्यंत पोर सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर बेळगावकडच्या फडात पोचलेली असते. म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की वर्षातली सगळ्यात महत्त्वाची पालकसभा दसऱ्याच्या आधी व्हायला हवी, आणि तिथे भाषण नको, हिशेब हवा.

आईबाप फडावर गेले तरी पोरं गावातच राहून शिकावीत, यासाठीच हंगामी वसतिगृह ही योजना आहे. नाव भारदस्त असलं तरी बहुतेक गावांत त्याला इमारत वगैरे नसते. पोरं आजी-आजोबांकडे झोपतात आणि शाळेत जेवतात. पण त्यासाठी गुरुजींनी यादी करायची, शाळा व्यवस्थापन समितीने ठराव घ्यायचा, आजीने हो म्हणायचं आणि वरून मंजुरी वेळेत यायची. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्यांत ऊसतोड करणारे किती, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावं. मंजुरी लांबली की आईबाप पोराला सोबत घेऊन जातात. उपाशी पोर मागे कोण ठेवील?

मुलींचं कोडं आणखी अवघड. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची भीती, फडावर न्यायची त्याहून मोठी. मग उरतं लग्न. लग्न झालं की नवा कोयता, नवी उचल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं. शाळेच्या भिंतीवर 'बालविवाह गुन्हा आहे' असं रंगवून आईची भीती जात नाही. पोर आजारी पडली तर कोण धावेल, आठवड्याला फोन कोण लावून देईल, रात्री कुणी दार वाजवलं तर ती कुणाला सांगेल, हे आईला नावानिशी कळायला हवं. पोरीलाही वर्गात सांगायला हवं, की त्रास देणारा घरचा असला तरी बोलायचं, आणि 1098 हा नंबर फुकट लागतो. राहिली शिक्षकांची गोष्ट. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना न कळवणं हा 2012 च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. 'शाळेचं नाव खराब होईल' ही सबब तिथे चालत नाही.

वाचकहो, सणाला गावी जाणार असाल तर फराळाच्या निमित्ताने गुरुजींना, बाईंना गाठा. यादी झाली का, मंजुरी आली का, विचारा. कुठे लग्नाची कुजबुज कानावर आली तर ग्रामसेवकाला सांगा. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. आणि मंजुरी अडकलीच असेल, तर ती येईपर्यंत या पोरांच्या जेवणाचा भार गावाने उचलावा, ही आमची यंदाची मागणी आहे.