सशाच्या घराला लाकडाचा पाय नको

शेवगाव-पाथर्डीच्या कपाशीच्या रानात काय किंवा जामखेड-कर्जतच्या ज्वारीच्या पट्ट्यात काय, ससेपालनाचा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींची होते: मादी पिले किती देते आणि माल घेणार कोण. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. हे ससे राहणार कशात आणि ते घर टिकणार किती वर्षे? कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा आधी घरात अडकतो, मग सशात. ते घरच वाळवीने खाल्ले तर वहीतले बाकीचे आकडे कितीही गोड असोत, धंदा तोट्यात गेलाच म्हणून समजा.

माझे म्हणणे सरळ आहे. उघड्यावरच्या सशाच्या घराला जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत लाकूड लावू नये. आणि सशाचे तोंड पोचते अशा कोणत्याही लाकडाला वाळवीचे औषध लावू नये. वाळवी मारत बसण्यापेक्षा तिची वाट अडवावी.

लाकडी पेटीला चार लाकडी पाय, हा नमुना मुळात थंड मुलखातला आहे. इंग्लंडात लोक परसात असे पिंजरे ठेवतात, कारण तिथे वाळवी जवळजवळ नाहीच. आपला अहिल्यानगर जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षातले सात-आठ महिने जमीन कोरडी. रानातली ओल आटली की वाळवी उभ्या पिकाच्या मुळाला लागते, बांधावर टाकलेली पऱ्हाटी पोखरते, कडब्याच्या गंजीत शिरते. अशा मातीत लाकडी पाय रोवून वर ससे ठेवायचे म्हणजे वाळवीला सावली, मुताची ओल आणि खायला काडी, असे तिन्ही एका जागी वाढून देणे आहे.

वाळवीचे बळ सगळ्यांना दिसते, तिचे दुबळेपण कोणी पाहत नाही. कामकरी वाळवी आंधळी आणि अंगाने मऊ असते. उघड्या उन्हावाऱ्यात ती सुकून मरते. म्हणून ती मातीची नळी बांधून तिच्या आडून वर चढते. पाय जमिनीत गाडलेला असेल तर ती आतूनच पोखरत जाते आणि पिंजरा कलंडेपर्यंत पत्ता लागत नाही. पाय लोखंडाचा किंवा दगडाचा असेल तर तिला बाहेरून, आपल्या डोळ्यांदेखत नळी बांधावी लागते. ती नळी आठवड्याला झाडूच्या एका फटक्याने मोडता येते. कडब्याच्या गंजीखाली दगड मांडणारे शहाणे शेतकरी गावोगावी आहेत. तीच अक्कल इथे चालवायची.

पाय लोखंडी अँगलचे, घडीव दगडाचे किंवा काँक्रीट भरलेल्या सिमेंट पाइपचे करा. पायाच्या माथ्यावर चारही बाजूंनी दोन इंच बाहेर येणारी, कडा खाली वळवलेली पत्र्याची टोपी बसवा. टोपीने वाळवी थांबतेच असे नाही, पण तिला वळसा घालून उघड्यावर यावे लागते आणि ती सापडते. पायाखाली जळक्या ऑईलची वाटी ठेवणार असाल तर ती पुसत राहा. आपल्याकडच्या धुळीने वाटी भरली की तिचाच पूल होतो.

घर भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवा. त्याला कडबा, पऱ्हाटी, पोती, काहीही टेकवू नका. एक टेकवलेली काठी सगळ्या लोखंडावर पाणी फिरवते. खाली मुरूम ठोकून उतार काढा आणि लेंड्यांचा ढीग साचू न देता लांबच्या खड्ड्यात टाका. छपराचा पत्रा उन्हात तापतो आणि सशाला घाम येत नाही, उन्हाळ्यात तो पटकन दगावतो. म्हणून पत्र्यावर पाचट किंवा कडब्याचा थर हवाच. पाय अडवलेले असतील तर त्या थराला वाळवीचे भय फारसे राहत नाही. वरचा सांगाडा बाभळीच्या किंवा सागाच्या गाभ्याचा चालेल. बाहेरचा पांढरा भाग तासून टाका, वाळवी आधी तोच खाते. विण्याची पेटी लाकडी असली तरी हरकत नाही. ती उचलता येते, दर वेतानंतर उन्हात वाळवता येते.

लोखंड महाग पडते, हे खरे. पण लोखंड फक्त पायांना लागते, आणि भंगारातला जुना अँगलही तेच काम करतो.

आता औषधाचे. दुकानात गेले की क्लोरपायरीफॉसची बाटली पुढे येते. लाकडाला फासा, म्हणतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातला हा प्रकार. वाळवी जमिनीत आणि विष सशाच्या तोंडापुढे! सशाचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो लाकूड कुरतडणारच. त्याला ओकताही येत नाही. पोटात गेले ते गेले. तेच मांस उद्या कोणाच्या तरी ताटात जायचे आहे. आणि फासणारे हात कोणाचे? घरातल्या बाईचे नाहीतर पोराचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, हे कपाशी पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

शेवटचा मुद्दा पैशाचा. जोडधंद्याच्या नावाखाली जनावर, पिंजरा आणि खरेदीची हमी एका गाठोड्यात बांधून विकणारे येतात. २०१२ साली तामिळनाडूत इमूपालनाचा फुगा फुटला, २०१९ साली आपल्याच राज्यात कडकनाथ कोंबड्यांच्या करारात शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. अशा गाठोड्यातला पिंजरा नुसता खोका नसतो, त्यात विकणाऱ्याचा नफाही असतो. गिऱ्हाईक पळाले तर पक्षी विकून टाकता येतो, वाळवीने खाल्लेला पिंजरा कोण घेणार?

म्हणून जिल्हा बैठकीला येणाऱ्यांना विनंती आहे. ससे, कोंबड्या, शेळ्या, कोणतीही योजना कोणीही आणो, सरकार असो की व्यापारी, आपण आधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: जनावराची किंमत वेगळी आणि घराची वेगळी, आणि घराचे पाय कशाचे आहेत. घर आपल्या गावच्या लोहाराकडून आणि गवंड्याकडून, आपल्या मातीला मानवेल असे करून घेण्याची मुभा नसेल, तर ती योजना ज्याने आणली त्याच्याच दारात राहू द्यावी.