पाटीवर अहिल्या, पाळण्यात का नाही?

आपल्या सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. २०२४ मध्ये शेजारचा अहमदनगर जिल्हा 'अहिल्यानगर' झाला. पण मैत्रिणींनो, अलीकडे किती बारशांना हे नाव ऐकलंत? बचत गटाच्या कामानं मी गल्लोगल्ली फिरते. आजीच्या वयाच्या अहिल्याबाई अजून भेटतात. त्यांच्या लेकी मात्र सुनीता, वैशाली आणि नाती आराध्या, अन्वी!

हे नाव सुचवलं की आयाबाया म्हणतात, "नको बाई, ती शाप लागून शिळा झाली होती." ती गौतमऋषींची पत्नी. मूळ संस्कृत शब्द 'अहल्या'. त्याचा एक अर्थ न नांगरलेली जमीन, दुसरा जिच्यात काहीच कुरूप नाही अशी. यात अशुभ ते काय? कथेत कपट करतो इंद्र आणि आपण टाकून देतो तिचं नाव!

या नावाला खरा मान दिला तो चौंडीच्या लेकीनं. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिलं नाही, उलट कारभारात तयार केलं. पुढे १७६७ पासून १७९५ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यांनी राज्य सांभाळलं, महेश्वरला विणकरांना आसरा दिला. मागाच्या आवाजात वाढलेल्या सोलापूरला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

नाव जुनाट वाटतं, असंही काहीजणी म्हणतात. असेल, आवड ज्याची त्याची. मला खटकतं ते वेगळंच. ३१ मेला जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारी काही घरं मुलीची दहावी झाली की शाळा बंद करून स्थळं बघायला लागतात. विधवा सुनेला हळदीकुंकवाच्या दिवशी आत बसवतात. पाटीवरच्या नावाला वर्षातून एकदा हार घातला की भागतं. घरातल्या नावाला मात्र दिवसातून दहादा हाक मारावी लागते. तेव्हा कधीतरी आठवेलच ना, की एका सासऱ्यानं विधवा सुनेला कारभार शिकवला होता!

म्हणून आत्याबाई, येत्या बारशाला बाळाच्या कानात 'अहिल्या' म्हणून बघाच. आणि दुसरं नाव ठेवलंत तरी चालेल, पण लेकीची शाळा मधेच सोडवू नका.