घरगुती उद्योग : यांत्रिक करवत घेण्यापूर्वीं

गेल्या महिन्यांत या सदरांत रंध्याच्या पात्यास धार कशी लावावी याविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून लोणावळ्याच्या एका सद्गृहस्थांचें पत्र आलें आहे. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं वडिलोपार्जित घराच्या मागील पडवींत सुतारकामाची जागा केली आहे. अमेरिकेंत असलेले चिरंजीव वडिलांच्या या छंदास साह्य म्हणून मोठी 'कॅबिनेट टेबल सॉ' घेऊन द्यावयास तयार आहेत. सुट्टींत नातवंडें घरीं असतात, आणि गृहिणींचें म्हणणें असें कीं, इतकीं वर्षें हातकरवतीनें भागलें, तें आतांच कां भागूं नये? पत्राच्या शेवटीं त्यांनीं विचारलें आहे, "कोणती करवत घ्यावी, हें कृपा करून स्पष्ट सांगावें."

प्रश्न सरळ आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वीं घरची एक गोष्ट सांगणें मला भाग आहे. माझ्या धाकट्या बंधूंना माझ्याप्रमाणेंच लांकडाचा नाद. आपल्याकडील पुष्कळ सुतार करतात त्याप्रमाणें त्यांनीं एका जाड फळीस चीर पाडून तिच्याखालीं हातांत धरावयाचें विजेचें कटर उलटें बसविलें व त्याची टेबल सॉ बनविली. मावळांतील एक जुना वाडा उतरविला तेव्हां त्याचे सागवानी वासे आम्हीं आणले होते. त्यांपैकीं एक उभा चिरीत असतां पात्यामागील चीर मिटली, लांकूड पात्यास आवळून उलटें उसळलें, आणि त्यास धरलेला डावा हात पात्यावर गेला. दोन बोटांचीं अग्रें गेलीं. बंधु आमच्या गुरुवारच्या भजनास तबला वाजवीत. त्यांचा डग्गा त्या दिवसापासून कपाटावर आहे. ते निष्काळजी गृहस्थ मुळींच नव्हेत. त्या घरगुती यंत्रास पात्यामागें असावा तो लहानसा तुकडा नव्हता, एवढेंच. म्हणून या विषयांत मी तटस्थ आहें असें वाचकांनीं समजूं नये.

आतां यंत्राकडे वळूं. टेबल सॉमध्यें मेजाच्या फटींतून गोल दांतेरी पातें वर आलेलें असतें. तें जागच्या जागीं फिरतें व लांकूड त्याच्याकडे सरकवावयाचें असतें. बाजारांत हिच्या मुख्यतः तीन जाती आढळतात. पहिली उचलून नेतां येणारी. हिचें मेज हलक्या धातूचें व मोटार कर्कश. दुसरी ठेकेदारी कामाची. हिची मोटार पाठीमागें लोंबत असते. तिसरी कॅबिनेट, हिची मोटार व पातें बंद पोलादी पेटींत असतात, मेज ओतीव बिडाचें, मोटार साधारण तीन ते पांच अश्वशक्तीची, आणि वजन बहुधा दोनशें किलोच्या पुढें. अमेरिकेंत डेल्टा कंपनीनें १९३९ सालीं 'युनिसॉ' नांवाची दहा इंची पात्याची करवत काढली; आजच्या कॅबिनेट करवती बहुतेक तिच्याच वळणावर गेल्या आहेत. जर्मनींत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यानें १९०६ सालीं सरकत्या मेजाची करवत बनविली. आपल्या फर्निचरच्या कारखान्यांत दिसणारी 'पॅनेल सॉ' त्या कुळांतील होय. ती प्लायवूडच्या मोठ्या तक्त्यांस उत्तम. पण आठ फुटी तक्ता पात्याच्या अलीकडे एकदां व पलीकडे एकदां मावला पाहिजे, म्हणजे सोळा फुटांहून लांब जागा हवी. घरच्या पडवींत ती सहसा बसत नाहीं.

निवड करतांना पहिला विचार हाताचा. दहा इंची पातें मिनिटास चार हजार फेरे घेऊं लागलें म्हणजे दांत्याचा वेग ताशीं सुमारें १९० किलोमीटर होतो. पुणें-मुंबई द्रुतगती मार्गावर मोटारींस जी कमाल मर्यादा आहे, तिच्या हा जवळजवळ दुप्पट. अमेरिकेच्या सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या अंदाजाप्रमाणें तेथें या यंत्राच्या पात्यानें दरवर्षीं सुमारें ३०,००० माणसें जखमी होऊन दवाखान्यांत जातात.

यावर जुना व स्वस्त उपाय म्हणजे पात्याच्या पाठीमागें उभी असलेली पोलादी पट्टी. तिला 'रायव्हिंग नाइफ' म्हणतात. ती पात्याच्या चकतीहून किंचित् जाड व चिरेहून किंचित् पातळ असते, आणि पात्याबरोबरच वरखालीं व तिरपी होते. लांकडाच्या पोटांत ताण असला म्हणजे चिरतांच त्याचे दोन्ही भाग जवळ येऊं पाहतात. ही पट्टी पाचरेसारखी मध्यें राहून त्यांस दूर ठेवते. बंधूंच्या फळीस जो तुकडा नव्हता तो हाच. ही पट्टी नसलेली करवत कोणी फुकट दिली तरी घरांत आणूं नये.

दुसरा उपाय नवा व महाग आहे. स्टीव्ह गॅस या अमेरिकन पदार्थविज्ञान-पंडितानें १९९९ सालीं अशी कल्पना काढली कीं, पात्यांतून अत्यंत क्षीण विद्युत्संकेत सतत वाहता ठेवावा. मनुष्याचें शरीर वीजवाहक असल्यामुळें बोट लागतांच तो संकेत बदलतो. तत्क्षणीं ॲल्युमिनियमचा एक ठोकळा दांत्यांत घुसतो, आणि पातें सेकंदाच्या हजारांश पांच भागांच्या आंत थांबून मेजाखालीं जातें. बोट जावयाचें तेथें बहुधा ओरखड्यावर निभावतें. 'सॉस्टॉप' या नांवानें अशा करवती २००४ पासून विकल्या जात आहेत. एकदां हा ब्रेक पडला म्हणजे ठोकळ्याचा संच नवा घ्यावा लागतो व पातेंहि बहुधा निकामी होतें. परंतु तो खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चापुढें कांहींच नाहीं. आणखी एक गोष्ट मावळांतील वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. फार ओल्या लांकडानेंहि हा ब्रेक फसून पडूं शकतो. तेव्हां पावसांत भिजलेलें लांकूड वाळल्यावांचून अशा यंत्रावर चढवूं नये. ब्रेक तात्पुरता बंद ठेवण्याची सोय असते, पण तिची संवय लावून घेऊं नये.

दुसरा विचार रेषेचा. सुतार हा शब्द संस्कृत सूत्रधार या शब्दावरून आला आहे. सूत्र म्हणजे रेघ मारण्याची दोरी. ती जो धरतो तो सूत्रधार. लोणावळ्याहून जवळच असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताच्या कमानी लांकडाच्या आहेत, आणि दोन हजार वर्षें लोटलीं तरी त्या जागेवर आहेत. त्याच लेण्यांत धेनुकाकट येथील सामि नांवाच्या, वेणुवासाच्या पुत्राचा लेख आहे. दर्शनी द्वार आपण केलें, एवढेंच तो सांगतो. आणि आपला धंदा सांगतांना 'वढकि' म्हणजे वर्धकि, सुतार, हा शब्द वापरतो. राजे व श्रेष्ठी यांच्या नांवांच्या शेजारीं एका सुतारानें आपलें नांव कोरविलें आहे. त्याच्या कारागिरींत जें मोलाचें, तेंच आजच्या करवतींत मोलाचें: रेघ सोडतां कामा नये.

कॅबिनेट करवतीची खरी थोरवी येथें आहे. हलक्या करवतींत पातें धरणारा सांगाडा मेजाच्या पोटास टांगलेला असतो. तो हलला म्हणजे पुन्हां सरळ करणें मोठें किचकट. कॅबिनेटमध्यें हा जड बिडाचा सांगाडा पेटीवर बसविलेला असतो. त्यामुळें मेजाचे बोल्ट सैल करून मेजच पात्याशीं समांतर करतां येतें, आणि एकदां साधलेली रेघ वर्षानुवर्षें टिकते. दुकानांत परीक्षा अशी करावी. यंत्र बंद ठेवून, प्लग काढून, एका दांत्यावर खूण करावी. मेजावरील खांचेपासून त्या दांत्याचें अंतर पुढल्या बाजूस मोजावें. पातें हातानें फिरवून तोच दांता मागें न्यावा व पुन्हां मोजावें. दोहोंत एक दशांश मिलिमीटरहून अधिक फरक पडूं नये, व पडल्यास विक्रेत्यानें तो आपल्यासमक्ष काढून दाखवावा. मग पोलादी सरळपट्टी मेजावर आडवी-तिरपी ठेवून खालून उजेड दिसतो काय तें पहावें. बाजूची आधाराची पट्टी, जिला 'फेन्स' म्हणतात, ती घट्ट केल्यावर टोंकाशीं दाबून पहावी. ती डळमळली तर बाकीचे गुण व्यर्थ. शेवटीं रुपयाचें नाणें मेजावर कडेवर उभें करून मोटार चालू करावी. नाणें उभेंच राहिलें तर यंत्र निकोप.

तिसरा विचार विजेचा. लोणावळ्याच्या तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस नेऊन टाटांनीं १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविली. असें असूनहि श्रावणांत लोणावळ्याच्या घरांतील दिवे कितीदां जातात हें पत्रलेखकांस सांगावयास नको. म्हणून करवतीचा स्विच असा पाहिजे कीं, वीज जाऊन परत आली तर यंत्र आपण होऊन चालू होणार नाहीं. तीन अश्वशक्तीची मोटार घरगुती एक-फेजवर चालते, पण पंधरा अँपिअरच्या घरांत प्रवाह घेते व सुरू होतांना त्याच्या कित्येक पट. तिला मुख्य फळीपासून स्वतंत्र तार, योग्य एम्.सी.बी. व निर्दोष अर्थिंग द्यावें. पांच अश्वशक्तीच्या मोटारीस बहुधा तीन-फेज जोडणी लागते. चिरंजीवांनीं अमेरिकेंतून यंत्र पाठविण्याचा मोह मात्र टाळावा. तेथील वीज सेकंदास ६० आवर्तनांची, आपली ५० ची. तेथील मोटार येथें एक षष्ठांशानें मंद फिरते व अधिक तापते. आपल्या विजेसाठीं बनविलेलीच करवत घ्यावी, आणि पात्याच्या मधल्या भोकाचें माप येथें मिळणाऱ्या पात्यांशीं जुळतें ना, हें आधींच पहावें.

चौथा विचार पावसाचा. पुण्यास वर्षांत सातशें मिलिमीटरच्या आसपास पाऊस. लोणावळ्यास चार हजारांच्या वर. अशा हवेंत बिडाचें उघडें मेज एका रात्रींत तांबूस होतें. दर महिन्यास मेज स्वच्छ पुसून त्यावर साध्या मेणाचा पातळ हात द्यावा. सिलिकोनयुक्त लेप लावूं नये, कारण तो लांकडास लागून पुढें पॉलिश धरत नाहीं. काम संपतांच कापडी आच्छादन घालावें, आणि ओल्या भिंतीपासून यंत्र हातभर दूर ठेवावें. गंज आलाच तर रॉकेल व बारीक घांसणीनें तो लागलीच काढावा. जुन्या वाड्यांचें लांकूड चिरण्यापूर्वीं लोहचुंबक फिरवून खिळे शोधावे. एका खिळ्यानें पात्याचे दांते उडतात.

शेवटला विचार घरांतील माणसांचा. लांकडाचा बारीक भुसा मनुष्यास कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं प्रसिद्ध केला. बंद पेटीमुळें कॅबिनेट करवतीचा भुसा चार इंची नळीनें ओढून घेतां येतो, हा तिचा मोठा गुण. पण ओढणारें यंत्र निराळें घ्यावें लागतें, आणि तोंडावर मुखवटा तरीहि हवाच. आवाज दाराआड मावत नाहीं. तेव्हां दुपारच्या विश्रांतीची वेळ सोडून काम करावें. पडवीस कुलूप असावें, व किल्ली नातवंडांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवावी.

आतां पत्रलेखकांस स्पष्ट उत्तर. आपण वर्षास दोन चौरंग व एक देव्हारा करणार असाल तर गृहिणींचें म्हणणें मानावें. मोठें लांकूड वखारींतून चिरून आणावें, आणि घरीं चौदा इंची पट्टा-करवत, म्हणजे बॅंडसॉ, घ्यावी. बोटास भय तिचेंहि आहे; पण ती लांकूड खालीं मेजावर दाबते, अंगावर फेकीत नाहीं. घरांतील कपाटें, पलंग, दारें असें नित्य काम काढावयाचें असेल तर दहा इंची, तीन अश्वशक्तीची कॅबिनेट करवत अवश्य घ्यावी. मात्र मागील पट्टी व स्पर्शानें थांबणारा ब्रेक, दोन्ही असलेली. तिची किंमत लाखांत जाते. यंदां तेवढे पैसे नसतील तर वर्षभर थांबावें. पैसे वाचविण्यासाठीं ब्रेक सोडावा असें आमच्या घरीं तरी आतां कोणी म्हणणार नाहीं. उलटें बसविलेलें कटर तर कोणत्याहि परिस्थितींत वापरूं नये.

करवत हा शब्द संस्कृत करपत्र यावरून आला. कर म्हणजे हात, पत्र म्हणजे पान किंवा पातें. ज्यांनीं हें नांव ठेविलें त्यांनीं हात आधीं घातला व पातें मागून. खरेदी करतांनाहि हाच क्रम ठेवावा. बंधु अजूनहि पडवींत येतात, लांकडावर रेघ तेच मारतात, आणि चिरण्यापूर्वीं पात्यामागील पट्टीस एकदां हात लावून पाहतात. वाचकांपैकीं कोणाकडे अशी करवत असल्यास त्यांनीं आपला अनुभव कळवावा. पुढील महिन्यांत ओलें सागवान घरच्या घरीं कसें वाळवावें तें पाहूं.