शिबिर संपल्यावर पुढे काय?

युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये ‘इरॅस्मस प्लस’ योजनेच्या २०२८ ते २०३४ या टप्प्यासाठी सुमारे ४,०८० कोटी युरोंच्या तरतुदीचा प्रस्ताव मांडला. २०२१ ते २०२७ या टप्प्यासाठीची तरतूद सुमारे २,६०० कोटी युरोंची आहे. निधीतील ही वाढ लक्षणीय असली, तरी तरुणांच्या मानसिक आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न हा पैसा किती, यापेक्षा तो कोठे खर्च होणार, हा आहे.

भारतात ‘इरॅस्मस’ हे नाव पदव्युत्तर शिष्यवृत्तीमुळे परिचित आहे. युवा आदानप्रदान हा याच योजनेचा, परंतु अगदी निराळा भाग आहे. युरोपात १९८८ पासून चालत आलेल्या या उपक्रमात १३ ते ३० वयोगटातील तरुण सहभागी होतात. किमान दोन देशांतील गट प्रवासाचे दिवस वगळून ५ ते २१ दिवस एकत्र राहतात. परीक्षा नाही, गुण नाहीत. खेळ, नाट्य, चर्चा आणि सामूहिक स्वयंपाक यांतून शिकायचे आणि शेवटी आपण काय शिकलो, याची नोंद असलेले ‘युथपास’ प्रमाणपत्र घेऊन परतायचे, असे त्याचे स्वरूप असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जगात १० ते १९ वयोगटातील दर सात मुलांपैकी एकाला मानसिक विकाराचा सामना करावा लागतो. युरोपीय महासंघाच्या २०१८ मधील ११ युवा उद्दिष्टांत मानसिक आरोग्याला स्वतंत्र स्थान मिळाले. कोरोनाच्या साथीनंतर, जून २०२३ मध्ये, आयोगाने या क्षेत्रासाठी २० प्रमुख उपक्रम आणि १२३ कोटी युरोंचा निधी जाहीर केला. साहजिकच अनेक युवा संस्थांनी आपल्या शिबिरांसाठी हाच विषय निवडला.

त्यामागील तर्क चुकीचा नाही. घरी ‘हुशार’ वा ‘अबोल’ असा शिक्का बसलेल्या मुलाला परक्या गावात नव्याने ओळख करून देता येते. सगळेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत असल्याने चुकण्याची भीती कमी होते. आपल्यासारखीच रात्रीची झोप उडवणारी चिंता दुसऱ्या देशातील समवयस्कालाही आहे, हे कळले की मनावरचे ओझे थोडे हलके होते. मदत मागणे लाजिरवाणे नाही, हे व्याख्यानापेक्षा अशा गप्पांतून अधिक सहज पटते.

तथापि, शिबिर म्हणजे उपचार नव्हे. गटप्रमुख हा मानसोपचारतज्ज्ञ नसतो. अनोळखी जागा, अपुरी झोप आणि विस्कळीत दिनक्रम हे आधीच आजारी असलेल्या तरुणाला त्रासदायकही ठरू शकतात. अशा सहभागींसाठी सोबतीचा माणूस नेण्याचा अतिरिक्त खर्च योजनेतून मिळतो, ही जमेची बाजू. मात्र ज्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतले आहे, तो युवा संस्थेच्या दारापर्यंत पोहोचणार कसा? ज्याला गरज सर्वाधिक, तोच बाहेर राहण्याचा धोका येथे आहे.

दुसरी अडचण परतीनंतरची. मित्र पांगतात, शाळा किंवा बेकारी तीच असते आणि शिबिरातील उमेद ओसरू लागते. प्रकल्पात पूर्वतयारी आणि पाठपुरावा असावा, अशी नियमांची अपेक्षा आहे. आयोजनाचे अनुदान मात्र सहभागींची संख्या आणि शिबिराचे दिवस यांवर मोजले जाते. परतल्यानंतरच्या महिन्यांचा या हिशेबात विचारच नाही.

नव्या टप्प्याची कसोटी येथेच लागेल. वाढीव निधीतून केवळ शिबिरांची संख्या वाढली, तर अधिक तरुणांना काही आनंदाचे दिवस मिळतील. शाळेतील समुपदेशक व स्थानिक आरोग्यसेवा यांना निवडीपासून पाठपुराव्यापर्यंत जोडून घेतले, तर मात्र तेच दिवस उपचाराच्या वाटेवरील पहिले पाऊल ठरू शकतील. आदानप्रदानाचे यश निरोपाच्या दिवशीच्या अश्रूंवरून नव्हे, तर सहा महिन्यांनंतर तो तरुण कोणाशी मोकळेपणाने बोलू शकतो, यावरून मोजायला हवे.