मालकाविना महापालिका

मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे घटनेचे २४३-यू कलम बजावते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी! मधल्या काळात २२७ प्रभाग मुके होते. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासकाच्याच यंत्रणेने सिद्ध केला आणि प्रशासकानेच मंजूर केला. नगरसेवक भ्रष्ट असेल (पुष्कळदा असतोही), पण त्याला पाडता येते. प्रशासकाला कोणत्या वस्तीने पाडावे? इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. परंतु ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खडसावेपर्यंत राज्यकर्त्यांना घाई नव्हती. प्रशासकाच्या सहीने दिल्या गेलेल्या प्रत्येक ठेक्याचा हिशेब नव्या सभागृहाने जाहीरपणे मागितलाच पाहिजे.