श्वास धर!

निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे २०२४ च्या स्वप्निल कुसाळेच्या पदकापासून आमच्या लेकीला नेमबाजीचं वेड. पण महिनाभर तिचा नेम बिघडलेला. दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा! "श्वास धर, घाई करतेस," मी रोज ओरडायचो. ती गप्प.

शेवटी एअर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून जुने शिशाचे नि नवे कथिलाचे छर्रे पाच-पाच मारले. शिशाचे जवळजवळ एकाच भोकात, कथिलाचे विखुरलेले. कथील हलकं, प्रत्येक नळीला मानवतंच असं नाही. मोठ्या रायफलीत तांब्याच्या गोळीचंही तेच. शिशाएवढ्या वजनाला ती लांब होते, मग नळीतला पीळ कधी अपुरा पडतो.

शिसं नको म्हणून कथिलाचे छर्रे आणले होते मीच.

"बाबा, आता श्वास कुणी धरायचा?"